फुंकरीत उतरलेली हाडं

मारुतीच्या पारासमोर बायकांची ही गर्दी. महाराज एका कळशीतलं नितळ पाणी ग्लासात घेत, बाई नळीनं फुंकी, आणि बघता बघता पाणी दुधासारखं पांढरं होई. "माय, तुजी हाडं विरघळून श्वासातून चाललीत," महाराज सांगत. मग जिभेवर चिमूटभर भस्म, दुसऱ्या कळशीचं पाणी, पुन्हा फुंकर. पाणी जसंच्या तसं. हाडं जागेवर बसली म्हणे.

शिवकन्या छत्तिशीची. वाकलं की तिच्या पाठीतून कळ निघायची. दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघायचं होतं, आणि तिथं नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात; ती घरी बसली तर नवऱ्याचा, आसारामचा, कोयता अर्धाच, मजुरीही अर्धीच. महाराजांना तोडीला मजूर नेणाऱ्या मुकादम सोमेश्वरनंच आणलं होतं. तोडीच्या तोंडावर त्याला भक्तीचं असं भरतं यावं, हे नवलच.

शिवकन्येनंही फुंकलं, भस्म चाटलं. महाराज म्हणाले, आता खुशाल डोक्यावर मोळी घे.

तेवढ्यात गावात आरोग्याचं काम करणारी आशाताई योगिता पुढं झाली. "महाराज, मुकादमांचीबी हाडं बघा की."

पुरुषांना हा दोष लागत नाही, महाराज म्हणाले.

"मंग पाणी नितळच राहील. फुकू द्या."

लोक हसू लागले, तसा सोमेश्वरला इलाज उरला नाही. त्याच्या फुंकरीनंही पाणी पांढरंफेक. मग योगितानं भस्म चाटलेल्या शिवकन्येला पहिल्याच कळशीतलं पाणी दिलं. तेही पांढरं.

"ह्या कळशीत चुन्याची निवळी हाय," योगिता म्हणाली. तंबाखूला लावतो तो चुना पाण्यात कालवून ठेवला की वर नितळ पाणी राहतं. त्यात कुणीही फुंकलं, तरी श्वासातल्या वायूनं ते पांढरं होतं. दुसऱ्या कळशीत आडाचं साधं पाणी. महाराज झोळी आवरू लागले.

शिवकन्या मात्र हसली नाही. "मंग माजी पाठ कावून दुखती, ताई?"

योगितानं तिचे दवाखान्याचे कागद वाचलेले होते; ती सांगू लागली. पाळीत तोडीचे दिवस बुडतात म्हणून तिसाव्या वर्षीच गर्भाची पिशवी काढली, आणि तिच्यासंगं दोन्ही अंडाशयंही. हाडांना जपणारा रस तिथंच तयार होतो. इतर बायकांचा तो पाळी जायच्या वयात आटतो, हिचा सहा वर्षांमागंच आटला.

"आणखी कुणाकुणाची काढलीय?" योगितानं बायकांना विचारलं.

एकेक करत नऊ हात वर गेले.

सोमेश्वर पुटपुटला, ट्रक सोमवारी निघणार. आसारामनं बायकोकडं पाहिलं.

"मोळी मी उचलनार न्हाई," शिवकन्या म्हणाली. "आदी पाठीचा फोटो काडू."

बायांनो, दुखणं खरं असतं, म्हणून औषध देणारा खरा ठरत नाही. पिशवी काढली असेल, पाळी जायला आली असेल, तर हाडांचं डॉक्टरांना विचारा. आणि पिशवी काढायला सांगणारा डॉक्टर असला, तरी त्यालाही आधी विचारा: कशासाठी?