पिवळा ठिपका

जावई सरळ उत्तर देत नाही, ही अक्काची जुनी तक्रार होती. आणखी वाढू का विचारावं तर 'बघू'. गॅरेजचं शटर कधी रंगवायचं, 'बघू'. आणि आज, डोंगराच्या पायथ्याशी शर्यतीच्या गाड्या गुरगुरत असताना, माणसं कठड्यांवर चढून बसलेली असताना, तिने विचारलं की माझी लेक वरपर्यंत पोचेल ना, तर मांडीवरच्या लॅपटॉपमधून डोकंही वर न काढता हे गृहस्थ म्हणाले, "बघू, आई."

"तुझे वडील इंजिनावर हात ठेवून सांगायचे," अक्का शेजारी उभ्या धाकट्याला म्हणाली, पण आवाज असा, की तो जावयालाच ऐकू जावा. "ह्यांना आधी डब्याला विचारावं लागतं."

धाकटा तिचा मुलगा. त्याने मिशीतल्या मिशीत हसून घेतलं. आईच्या पुढ्यात मोठ्याने हसायची त्याची अजून छाती नव्हती.

अक्काची शाळा पाटीवरच संपली होती, पण नवरा गेल्यावर गॅरेज तिनेच चालवलं, आणि तिच्या जिभेला भिऊन मेकॅनिक कामं वेळेत करत. नवऱ्याची एक रीत तिने जिवापाड जपली होती. गाडीचा कंपनीने दिलेला मूळ भाग काढला, की त्यावर पिवळ्या ऑइलपेंटचा ठिपका द्यायचा आणि कपाटात ठेवायचा. परीक्षेचा दिवस आला की तोच परत बसवायचा. नव्याचा भरवसा रोजच्याला, नेमक्या दिवशी घरचं तेच बरं, असं तो म्हणायचा. म्हणूनच काल जावई टायर आणायला गेले तेव्हा अक्काने धाकट्याला गाडीखाली घातलं होतं. प्लग, क्लिपा, काय काय ठिपक्याचं सापडलं ते सगळं त्याच्याकडून बसवून घेतलं, आणि निघालेलं नवं सामान रुमालात बांधून पर्समध्ये टाकलं. जावयाला विचारायचं काही कारण तिला दिसलं नाही. गॅरेज कोणाचं?

गाडी थोरली चालवणार होती, अक्काची मुलगी. गेल्या वर्षी अर्ध्या चढावर इंजिनाचा दिवा लागला आणि गाडी बैलगाडीसारखी रांगत वर गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कीव करून वाजवलेल्या त्या टाळ्या मायलेकींच्या कानातून वर्षभर गेल्या नव्हत्या. त्यानंतर जावयाने टर्बो, म्हणजे इंजिनात जबरदस्तीने हवा कोंबणारा पंखा, नव्याने जुळवला. गाडी अशी झाली, की दाबली की पाठ सीटला चिकटायची. अक्का एकदाच बसली होती. उतरल्यावर केस सावरत तिने 'ठीक आहे' म्हटलं होतं, आणि आठवडाभर शेजारणींना तेवढंच सांगत होती.

गाडी तापवायला गेलेली थोरली फेरी मारून आली. आली ती धापा टाकत, गाडीही आणि तीही. तिने हेल्मेट काढायच्या आधीच अक्का गाडीच्या दाराशी पोचली.

"दिवा लागलाय," थोरली म्हणाली. "तोच. गाडी ओढतच नाहीये."

समोर झेंडेवाला एकेक गाडी सोडत होता. हिच्या पुढे थोड्याच उरल्या होत्या. नंबर हुकला की घरी.

जावयाने लॅपटॉपची वायर गाडीला जोडली. पडद्यावर बूस्ट सेन्सरच्या बिघाडाचा कोड आला होता. टर्बो किती हवा कोंबतोय ते मोजणारा तो अक्रोडाएवढा तुकडा. धाकटा म्हणाला, दाजी, कोड पुसा आणि सोडा, चढ काही मोठा नाही. अक्कालाही ते पटलं. पुसा की, दिव्याला काय कळतंय, असं तीही म्हणाली.

"पुसणार नाही," जावई म्हणाला.

अक्काने वळून त्याच्याकडे पाहिलं. या माणसाच्या तोंडून 'बघू' सोडून दुसरं काही आलेलं तिने पहिल्यांदा ऐकलं होतं.

"पुसला तर दुसऱ्या वळणावर परत लागेल," तो बॉनेट उघडता उघडता सांगत होता. "ती पूर्ण वेगात असेल, आणि गाडीचा जोर एकदम जाईल. दरी त्याच बाजूला आहे."

मग त्याचे हात चालू लागले. रबरी पाइप दाबून पाहिले, कुठे हवा निसटत नव्हती. वायर हलवून पाहिली, पडद्यावरचा आकडा जागचा हलला नाही. पुढची गाडी किंचाळत सुटली, लोक ओरडले, थोरली पाय आपटत होती. जावयाने इंजिन बंद केलं, किल्ली मात्र चालू ठेवली, आणि पडद्याकडे पाहत राहिला.

"इंजिन बंद आहे," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे चमकले. "पंखा थांबलाय. आत-बाहेर हवा सारखीच असायला हवी. आणि हा म्हणतोय, आत दीडपट आहे."

"म्हणजे सेन्सर मेला?" धाकट्याने विचारलं.

"मेला नाही. माप बदललंय. मी मोठ्या मापाचा सेन्सर बसवून गाडीच्या कॉम्प्युटरला ते माप शिकवलं होतं. आता कोणीतरी छोट्या मापाने ओततंय, आणि कॉम्प्युटर मोठ्या मापाने मोजतोय."

अक्काला कॉम्प्युटर कळत नव्हता, पण मापं कळत होती. छोट्या वाटीने ओतलेलं मोठ्या वाटीच्या हिशोबाने धरलं, तर पातेलं भरायच्या आधीच भरलं असं वाटणारच. तिच्या काखेतली पर्स एकदम जड झाली.

जावयाने स्क्रू काढून सेन्सर बाहेर ओढला. उन्हात त्यावरचा पिवळा ठिपका लखकन दिसला. तिने स्वतःच्या बोटाने दिलेला. जावयाने तो पाहिला, आणि लगेच त्यावर अंगठा ठेवला.

"कोणी लावला हा?" थोरलीचा आवाज चढला. "कोणी हात लावला गाडीला?"

धाकटा बुटांकडे बघू लागला.

"मीच," जावई म्हणाला. "गडबडीत जुनाच बसवला गेला माझ्याकडून."

असं म्हणताना त्याचे कान लाल झाले होते. अक्काने ते पाहिलं. या घरात तिच्या चुकीवर आजवर कोणी पांघरूण घातलं नव्हतं, कारण तिची चूक असते असं म्हणायचीच कोणाची टाप नव्हती. तिने पर्स उघडली, रुमालाची गाठ दातांनी सोडली, आणि नवा सेन्सर सगळ्यांच्या देखत गाडीच्या नाकाडावर ठेवला.

थोरलीने सेन्सरकडे पाहिलं, मग आईकडे.

"बघत काय राहिलीस," अक्का म्हणाली. "हेल्मेट घाल."

जावयाने नवा सेन्सर बसवून स्क्रू आवळला. पडद्यावर आत-बाहेरचे आकडे जुळले. आता मात्र त्याने कोड पुसला. झेंडेवाला हात हलवून बोलावत होता, थोरलीने गाडी रेषेवर नेली, आणि झेंडा पडला.

आयुष्यभर गॅरेजात राहूनही अक्काने असा आवाज ऐकला नव्हता. आधी दबका गुरगुराट, मग शीळ, मग मागची खडी उडवत निळी गाडी पहिल्या वळणात घुसली. धाकटा कठड्यावर चढला. दुसरं वळण. अक्काने जावयाचा दंड धरला होता हे तिला नंतर कळलं. आवाज तुटला नाही. वर, आणखी वर, झाडांमागून शीळ येतच राहिली, आणि मग माथ्यावरून टाळ्या आल्या. या टाळ्यांत कीव नव्हती. एवढं ओळखायला शाळा लागत नाही.

धाकटा नाचतच वर पळाला. जावई वायर गुंडाळत बसला होता. जुना सेन्सर त्याच्या शेजारी, ठिपका खाली करून ठेवलेला. अक्काने तो उचलला, पदराने पुसला. ठिपक्याच्या कडेला तिच्या बोटाची रेघ उमटली होती. नवऱ्याच्या हातचा ठिपका गोल असायचा, तिला तो कधीच जमला नव्हता. तिने सेन्सर रुमालात बांधला आणि पर्समध्ये ठेवून दिला.

"जावईबापू," ती म्हणाली, "खोटं बोलणं तुम्हाला जमत नाही. पुन्हा त्या फंदात पडू नका. आणि ते तुमचं 'बघू' म्हणत जा खुशाल. फक्त बघून झालं, की मला येऊन सांगायचं. मीही विचारल्याशिवाय हात लावणार नाही."