तन्वीच्या उजव्या कानात

माझ्या पुतणीला तिचं नाव भलत्याच कानात सांगितलं गेलं, तिथून हे सगळं सुरू झालं.

तन्वी जन्मली तेव्हा तिचा डावा कान कॅलेंडरवरच्या बाळासारखा होता. उजव्याच्या जागी भिजवलेल्या वालाएवढी कातडीची एक घडी होती, तिला भोक नव्हतं. डॉक्टर म्हणाले, याला मायक्रोशिया म्हणतात. पोटात पहिल्या दोन-तीन महिन्यांत कान घडत असतो, तो कधीकधी मध्येच थांबतो, यात कुणाची चूक नसते. माझ्या आईने अगदी समजूतदारपणे मान डोलावली आणि बरकतपुऱ्याला घरी पोचल्या पोचल्या माधवी वहिनीला विचारलं की ग्रहणात काय चिरलं होतंस. वहिनी पुण्याची. ती म्हणाली, ग्रहण कधी होतं तेच मला आठवत नाही. विषय संपला. आमच्याकडे विषय संपतात तसा संपला, म्हणजे रोज थोडा थोडा.

बारशाच्या दिवशी विकासदादाने फोटोग्राफरसाठी पाळणा फिरवला. बाळाची चांगली बाजू कॅमेऱ्याकडे यावी, एवढाच हेतू. त्यामुळे दुसरी बाजू आत्याकडे आली. आत्या म्हणजे माझी बहीण योगिनी. तिने वाकून कुर्र केलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाधप गुद्दे घातले, आणि सगळं आटपल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं की नाव बंद कानात गेलं. पुन्हा सांगू का, असं योगिनीने विचारलं. जमलेल्या बायका म्हणाल्या नक्को, नाव दोनदा सांगत नसतात. तेव्हा डावीकडून पाहिलं तर माझी पुतणी आजही बिननावाची आहे.

त्या संध्याकाळी योगिनी मला म्हणाली, "संद्या, तिथं बोललं की बरं वाटतं रे."

मी म्हटलं, कुठं?

"त्या कानात. आपला आवाज परतच येत नाही."

मी करून पाहिलं. बाळाच्या कानाशी बोलताना आपलाच श्वास आपल्या गालावर परत येतो. इथे येत नव्हता. बोलायचं, आणि शब्द कुठेतरी उतरत जायचा, जिना उतरावा तसा. तन्वी त्या वेळी हलायची नाही. हात-पाय मारायची थांबायची आणि पापणी न लववता आपल्याकडे बघत राहायची. दार उघडं ठेवून उभं राहिलेलं माणूस बघतं, तसं.

ऐकू तर येत नव्हतं. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, उजवा बंद आहे. मग काय, घरातल्या ज्याला जे कुणालाच सांगता येत नव्हतं ते तो तिथे सांगायला लागला. आई दुपारी पाळण्याशी बसायची आणि ओव्या म्हणतेय असं भासवायची. गौलीगुड्याला मोटारपंपांचं दुकान बंद करून आले की बाबा हात-पाय धुवायच्या आधी पाळण्याकडे. दादा ऑफिसला निघताना बुटाची नाडी बांधायला पाळण्याजवळच बसायचा, आणि त्याच्या बुटांना नाडी नव्हती. मीही जायचो. मी काय सांगितलं ते इथे लिहिणार नाही, ही गोष्ट तन्वीची आहे.

घर इतकं गोड कधीच नव्हतं. भांडणं बंद झाली. आई वहिनीला बाई म्हणायला लागली. बाबांचं ब्लड प्रेशर उतरलं, त्याचं श्रेय त्यांनी मेथीला दिलं. एक वहिनीच त्या कानाशी कधी काही कुजबुजली नाही. ती तन्वीला समोर घेऊन नेहमीच्या आवाजात बोलायची, भाजी महाग झाली वगैरे.

मग नल्लकुंट्याच्या क्लिनिकमध्ये बेरा टेस्ट झाली. बाळ झोपलेलं असताना डोक्याला तारा लावतात आणि आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघतात. तपासणाऱ्या मॅडम तेलुगू होत्या, आमच्याशी हिंदीत बोलत होत्या आणि फार खुशीत होत्या. म्हणाल्या, मुबारक हो, आतला कान उत्तम आहे. ऐकणारं सगळं आत जागच्या जागी आहे, फक्त बाहेरून आत जायचा रस्ता बनलेला नाही. डोक्याला एक मऊ पट्टा बांधायचा, त्यावर एक छोटं यंत्र बसतं, ते हाडातून आवाज आत पोचवतं. डाव्या कानावर बोलणं येईल, पण आवाज कुठून आला ते कळायला दोन्ही बाजू लागतात. पट्टा जितका लवकर तितकं चांगलं. कानाचा आकार नंतर, आठ-दहा वर्षांची झाली की, बरगडीची कूर्चा काढून बनवता येतो.

बरगडीचा कान ऐकून बाबा भारावले. आईने मात्र वेगळंच विचारलं. यंत्र नसताना, समजा कुणी अगदी तोंड टेकवून बोललं, तर?

"थोडं जाणारच की, आजी. हाड आहे ना."

 परतीच्या वाटेत गाडीत वहिनी तेवढी आनंदात होती. आम्ही चौघं एकमेकांच्या मांड्यांकडे बघत होतो.

त्यानंतर पट्टा काही बांधला जाईना. आधी पितृपक्ष लागला. मग दात येत होते. मग आई म्हणाली की उन्हाळ्यात घामोळं येईल, कायकू लेकराला परेशान करायचं. बाबांनी शोध लावला की पट्ट्याने कपाळ दबतं आणि दबलेल्या कपाळाची माणसं व्यवहारात मागे पडतात. दादा म्हणाला, लोक बघतील. योगिनी म्हणाली, मुलीच्या मनावर परिणाम होईल. मी यंत्राच्या बॅटरीबद्दल शंका काढली, ज्यातलं मला काहीही कळत नाही. वहिनी एकटी, आम्ही पाच. तिला वाटायचं आम्ही अडाणी आहोत. आम्ही घाबरलो होतो.

शिवाय आम्ही त्या पोरीसमोर बोलणंच सोडलं. तन्वी रांगत खोलीत आली की माणसं पाण्याचा ग्लास घेऊन उठायची. तन्वी चालायला लागली तरी एक शब्द बोलेना. पुढच्या तपासणीला मॅडमनी वहिनीला आत बोलावून विचारलं, घरात तुमच्याशिवाय कुणी बोलत नाही का? डावा कान चांगला आहे, तरी बोलणं मागे पडलंय. शब्द कानावर पडले नाहीत तर पोर शब्द आणणार कुठून? हे दिवस परत येत नाहीत. वहिनी त्या दिवशी घरी येऊन जेवली नाही.

मे महिन्यात एका दुपारी लाइट गेली. मी पाणी प्यायला म्हणून आलो तर वहिनी चटईवर आडवी होती, शेजारी तन्वी झोपलेली, डोक्याला डोकं लावून. वहिनीचा कान तन्वीच्या उजव्या कानाला चिकटला होता आणि वहिनीचे डोळे सताड उघडे होते. तिने मला बोटाने बोलावलं आणि सरकून जागा दिली.

"ऐक."

मी कान लावला. पंखे बंद, फ्रिज बंद, सगळी गल्ली निपचित. आधी जिन्यावर कुणी बसलेलं असावं तसा श्वास ऐकू आला. मग आतून आईचा आवाज आला, बारीक, ओलसर. ग्रहण लागलेलं मला माहीत होतं गं बाई, तरी मीच तिला गच्चीवरचे कपडे काढायला धाडलं, पाऊस येईल म्हणून, कपड्यांसाठी धाडलं गं. मग योगिनी. मग बाबा. मग दादा. मग मी आलो. मी सांगितलेलं सगळं मी मलाच सांगितलं, शब्दाला शब्द. आणि संपल्यावर थांबलो नाही. आतला मी पुढे बोलत गेला, जे मी अजून कुणाला सांगितलं नव्हतं, तन्वीलाही नाही. त्याची वाक्यरचना माझ्यापेक्षा बरी होती.

मी कान काढून घेतला. वहिनी म्हणाली, "मी आठवडाभर ऐकतेय. आता तर उत्तरंही देतात एकमेकांना."

मी विचारलं, आता?

"आता पट्टा."

संध्याकाळच्या चहाला तिने आवाज न चढवता विषय काढला. योगिनीला म्हणाली, लग्नाच्या साड्या बघणं पुरे, ज्याच्याशी ठरलंय त्या आदित्यला तू नकार कळवलायस ते घरात सांगून टाक. योगिनीचं बिस्किट चहात पडलं. मग वहिनी सगळ्यांकडे बघून म्हणाली, "माझं सगळं ऐकून झालंय. त्यामुळे आता लपवायला काही उरलेलं नाही. उद्या क्लिनिकला जायचं आहे, आणि ज्यांना यायचं नाही त्यांचं मी इथेच मोठ्याने बोलते."

सकाळी सगळे वेळेआधी तयार होते. योगिनीला ऑफिस होतं, ती तेवढी सुटली.

मॅडमनी पट्टा बांधला. निळा, खेळाडूंचा असतो तसा, आणि उजवीकडे हाडावर बिस्किटाएवढं यंत्र. तन्वीला वहिनीच्या मांडीवर बसवलं, डाव्या कानात बोळा घातला आणि मॅडम म्हणाल्या, एकेकाने उजवीकडून बोला. साध्या आवाजात. कुजबुजू नका.

साध्या आवाजात काय बोलायचं ते आम्हाला सुचेना. वर्षभर त्या बाजूला कुणी साधं बोललंच नव्हतं. शेवटी आई पुढे झाली, पदर सारखा केला आणि कपड्यांचं सगळं खणखणीत सांगून टाकलं, ग्रहणासकट. मॅडम म्हणाल्या, अम्मा, ग्रहणाचा याच्याशी काही संबंध नाही. आई म्हणाली, नाही कसा, इतके दिवस मी काय उगीच रडले? मॅडमनी तिला पाणी दिलं. तन्वी अजून समोरच बघत होती.

"आता पप्पा," मॅडम म्हणाल्या.

दादा नेहमीच्या सवयीने डावीकडे उभा राहिला होता. त्याला हाताला धरून उजवीकडे आणावं लागलं. खुर्चीवर बसला आणि टाइल्स बघत राहिला. यंत्राची बारीक घरघर तेवढी ऐकू येत होती.

आणि त्या घरघरीतून, त्या वालाएवढ्या घडीतून, दादाचाच आवाज सुरू झाला. हळू. मला तुझ्या या बाजूकडे...

"फीडबॅक आहे," मॅडम म्हणाल्या. "पट्टा जरा सैल असेल."

 आतला दादा सावकाश बोलत होता, त्याला घाई नव्हती. मला तुझ्या या बाजूकडे बघवत... बाहेरचा दादा एकदम खुर्चीवरून पुढे झुकला आणि शर्यत लागल्यासारखा बोलत सुटला.

"मला तुझ्या या बाजूकडे बघवत नाही, तन्वी, मी फोटो पण त्या बाजूने काढत नाही, पाळणा मीच फिरवला होता, मला लाज वाटते, तुझी नाही गं, लाज वाटते याची मला लाज वाटते..."

तो आधी संपला. आतला आवाज 'लाज'पाशी अडखळला आणि बंद पडला. कुणी दिवा मालवावा तसा.

तन्वीने मान वळवली. सरळ उजवीकडे, दादाच्या तोंडाकडे. तो तिच्या त्या बाजूकडे बघत होता आणि ती त्याच्याकडे. मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, रिस्पॉन्स फर्स्ट क्लास आहे. पट्टा दिवसभर बांधा, आणि घरात बोलत राहा, गप्प बसू नका.

परत येताना बाबा गाडी चालवत होते. दादा मागे बसला, तन्वीच्या उजवीकडे, आपणहून. निळ्या पट्ट्यात ती टेनिस हरलेल्या खेळाडूसारखी गंभीर दिसत होती. वहिनीने तिची हनुवटी धरून तिला आपल्याकडे वळवलं आणि नेहमीच्या भाजी-महाग आवाजात विचारलं, "आत अजून कोणी राहिलंय का गं?"

तन्वीने थोडा विचार केला. डोकं किंचित तिरपं करून आत कानोसा घेतला. मग होकारार्थी मान हलवली आणि पहिल्यांदाच बोलली, घोगऱ्या, म्हाताऱ्या माणसाच्या आवाजात.

"हौ."

आई देवाचं नाव घ्यायला लागली. दादा खिडकीला चिकटला. बाबांनी आरशातून एकदा मागे पाहिलं, इंडिकेटर दिला, गाडी फीव्हर हॉस्पिटलच्या भिंतीशी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि गेअरवर हात ठेवून, खणखणीत आवाजात, सांगायला सुरुवात केली.