अर्धा बॉक्स मिळणार नाही

आमच्या कंपनीत ‘लवकरच येत आहे’ हे पान मी लिहिते. दुकानदारांना घाऊक व्यापाऱ्यांकडून ऑनलाइन माल मागवता यावा म्हणून आम्ही सॉफ्टवेअर बनवतो, आणि पुढच्या व्हर्जनमध्ये नवीन काय मिळणार ते त्या पानावर असतं. काम सोपं आहे. जे अजून झालेलं नाही त्याबद्दल झाल्यासारखं बोलायचं, आणि जे ठरलंय त्याबद्दल तारखेपर्यंत मूग गिळून बसायचं. दोन्हींत मी तरबेज आहे.

माझा दादा याच सॉफ्टवेअरसाठी काम करायचा, पण बाहेरून. घाऊक माल सुटा विकत नाहीत. कपांचा बॉक्स चोवीसचा असेल तर चोवीस घ्या नाहीतर अठ्ठेचाळीस घ्या, तीस मिळणार नाहीत. आमच्या सॉफ्टवेअरला एवढंही कळत नव्हतं. कोणी तीस लिहिले की ते मुकाट्याने तीस घ्यायचं आणि गोदामातली माणसं कपाळाला हात लावायची. दादाने त्यावर प्लग-इन बनवलं, म्हणजे आमच्या सॉफ्टवेअरला वरून जोडायची एक छोटी सोय. तीस लिहिले की पडद्यावर यायचं, ‘अर्धा बॉक्स पाठवता येत नाही, राग नसावा. चोवीस करू की अठ्ठेचाळीस?’ कॉम्प्युटरवर कोणी राग नसावा लिहितं का, म्हणून वहिनी त्याला चिडवायची. नाही म्हणताना लिहावं, असं त्याचं म्हणणं.

हे सगळं तो दुसरीकडची नोकरी सांभाळून, जेवणाच्या टेबलावर बसून करायचा.

गेल्या वर्षी एका सोमवारी मीटिंगमध्ये ठरलं की बॉक्सचं हे गणित आता नेटिव्ह करायचं, म्हणजे सॉफ्टवेअरच्या आतच द्यायचं, वेगळं प्लग-इन लागायला नको. मी वहीत फुलं काढत बसले. त्याच आठवड्यात रविवारी दादाकडे चहाला गेले, तर त्याने नोकरी सोडायचा विषय काढला. प्लग-इनचे पैसे देणारे चाळीस व्यापारी जमले होते, वहिनीही तयार होती.

“तू तिथे आत असतेस,” तो म्हणाला. “तुला काय वाटतं?”

गुपित फोडायची गरजच नव्हती. ‘थोडं थांब’ एवढे दोन शब्द पुरले असते. कुठलीही बहीण काळजीपोटी तेवढं म्हणते, आणि कुठल्याही वकिलाला त्यात काही सापडलं नसतं. पण तो ‘का’ म्हणून विचारेल याची मला भीती वाटली. माझा चेहरा त्याला लहानपणापासून वाचता येतो. म्हणून मी कपात बघत म्हणाले, “तुझं तुला ठाऊक.”

तो हसला. त्याला ते ‘हो’ वाटलं.

महिन्याभरात त्याने राजीनामा दिला. वहिनीने गॅलरी बंद करून त्याला बसायला जागा करून दिली, आणि मी निर्लज्जासारखी तिथे ठेवायला कुंडी घेऊन गेले.

यंदा जाहीर करायची तारीख आली तेव्हा ते पान मीच लिहिलं. नमुन्याच्या चित्रात पडद्यावरचं एक वाक्य हवं होतं. बोटं आपोआप चालली आणि दादाचंच वाक्य उतरलं. आमच्या प्रमुखांनी त्यातलं ‘राग नसावा’ काढून टाकलं, लांबतंय म्हणाले.

संध्याकाळी त्याच्या घरी गेले. तो आमचं पान आणि चाचणीसाठी खुली केलेली नवी सोय उघडून बसला होता.

“वाक्य माझं आहे,” तो म्हणाला.

मी मान हलवली.

“कधीपासून माहीत होतं?”

“तू विचारलंस त्याच आठवड्यापासून.”

वहिनी कप उचलून आत गेली. बराच वेळ नळ वाहत राहिला. दादा ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. बारा निळे आणि बारा पांढरे कप मागवले, तर मिळून एकच बॉक्स व्हायला हवा. आमची सोय प्रत्येक रंगाचा वेगळा बॉक्स धरत होती. त्याचं प्लग-इन हे बरोबर करायचं.

“इथे तुमचं घोडं अडणार. लिहून घे.”

मी हो म्हणाले आणि लिहून घेतलं नाही. आम्हाला हे जमत नाही तोवर त्याचे थोडे तरी व्यापारी टिकतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आठ दिवस मी ऑफिसात गप्प राहिले. पहिल्यांदाच त्याच्या बाजूने गप्प होते, आणि त्याचं मला बरं वाटत होतं, हे कबूल करते.

नवव्या दिवशी मीटिंगमध्ये प्रमुखांनी एक मेल वाचून दाखवला. बाहेरच्या एका प्लग-इनवाल्याने मिश्र रंगांच्या बॉक्सचं सगळं गणित उदाहरणांसकट लिहून पाठवलं होतं, सोबत स्वतःचा कोडही, फुकट. त्याचे चाळीसही व्यापारी एक तारखेपासून आमच्या सोयीवर येणार होते. एकाच कामासाठी दोन गोष्टी कशाला ठेवा, असं त्यानेच त्यांना सांगितलं होतं. त्यांच्या ऑर्डरी चुकू नयेत, एवढीच त्याची विनंती होती.

शेवटची ओळ प्रमुखांनी जरा अडखळत वाचली. ‘हे मी तुमच्याकडच्या एकीला आधीच सांगितलं होतं. कामाच्या गडबडीत राहून गेलं असेल. तिच्यावर राग नसावा.’

“भला माणूस दिसतोय,” प्रमुख म्हणाले. “ओळखतं का कोणी याला?”

“माझा भाऊ,” मी म्हणाले.

हे मी वर्षापूर्वीच्या त्या सोमवारी, मीटिंगच्या याच टेबलावर म्हणायला हवं होतं.