चादर पिळण्याचं गाणं

मामाच्या दुकानात आलेलं वाद्य आधी शिव्या खातं आणि मग दुरुस्त होतं. त्या सकाळी एका गिटारची पाळी होती. तिचा निखळलेला ब्रिज, म्हणजे तारा अडकवायची पट्टी, मालकाने घरच्या घरी कसल्याशा जहाल गोंदाने चिकटवला होता, आणि मामा पातळ सुरीने तो गोंद खरवडत त्या मालकाच्या अकलेची चौकशी करत होता. सख्खी भाची एकच, पण अख्खी गल्ली त्याला मामाच म्हणायची. ती सख्खी भाची नेमकी तेव्हा दारात आली.

"मामा, सुरी खाली ठेव. बातमी ऐकून बोट कापून घेशील."

भाची रेडिओच्या ध्वनिसंग्रहात कामाला होती. जुन्या रिळांवरच्या टेप पुसायच्या, यंत्रावर चढवायच्या आणि कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यायच्या, हे तिचं काम. सुट्टीच्या दिवशीही तिला दुसरं काही सुचत नसे. नावाड्यांची गाणी, मेंढपाळांची गाणी, पाळण्यावरची गाणी; आणि ही गाणी घेऊन ज्यांनी पुढे वेडेपणा केला त्यांच्या रेकॉर्डी. त्या वेडेपणाला सायकेडेलिक फोक म्हणतात. साधं लोकगीत घ्यायचं, त्यामागे एकच सूर दहा मिनिटं घुमवत ठेवायचा, आवाज विहिरीतून आल्यासारखा करायचा, मध्येच टेप उलटी फिरवायची, आणि ऐकणाऱ्याला आपण कुठे बसलोय याचा विसर पाडायचा. मामाने चोविसाव्या वर्षी तीन मित्रांबरोबर हाच उद्योग केला होता. चौघांची एकच रेकॉर्ड निघाली. ती फारशी कोणी घेतली नाही आणि चौघे आपापल्या पोटापाण्याला लागले.

"तुमची रेकॉर्ड पुन्हा निघतेय," भाची म्हणाली. "एका छोट्या कंपनीचं पत्र आलंय. नवी पोरं पागल झालीत तिच्यामागे. हल्ली पुन्हा सगळीकडे हेच चाललंय ना. हार्मोनियमचा एक सूर धरून बसायचं आणि त्यावर आजीकडून ऐकलेलं गाणं म्हणायचं."

"आम्ही ते करायचो तेव्हा लोक बाहेर जाऊन चहा पीत उभे राहायचे."

"आणि सगळ्यात जास्त कुठल्या गाण्यामागे लागलीत, ओळख बघू."

मामाला ओळखायची गरज नव्हती. शेवटचं गाणं. वाद्य नाही, साथ नाही; एका बाईचा एकटीचा आवाज, आणि तोही उलटा. एक शब्द कळत नाही. सूर हळूच उगवतो, मोठा होतो आणि एकदम तुटतो. कव्हरवर त्यापुढे छापलं होतं: 'पारंपरिक. गायिका अज्ञात.'

"कंपनीला तुझ्याकडून एक पान लिहून हवंय," भाची सांगत होती. "आवाज उलटा वाजवायची कल्पना तुला कशी सुचली. आणि ती बाई कोण होती, तिचा काही पत्ता लागतो का. बिचारीला कुणी शोधलंच नाही इतकी वर्षं! आणि हे बघ काय मिळालंय." तिने पिशवीतून पुठ्ठ्याची चपटी डबी काढली. "तुमच्या बासरीवाल्याच्या बायकोने माळ्यावरून शोधून दिली. त्या गाण्याचं मूळ रीळ. उद्या दुपारी माझ्याकडे ये. आपण दोघं मिळून ऐकू."

मामाने डबी हातात घेऊन तिच्या चारी कडा पाहिल्या. एका कडेवर दोन शब्द असायला हवे होते. नव्हते. त्याने बोट काही कापून घेतलं नाही, पण भाची गेल्यावर सुरी पुन्हा हातात धरायला त्याला बराच वेळ लागला.

आता खरं काय ते सांगून टाकलेलं बरं, कारण मामा स्वतःहून सांगणाऱ्यातला नव्हता. ती अज्ञात बाई म्हणजे त्याची सख्खी मोठी बहीण. भाचीची आई.

ताईची लॉन्ड्री होती, त्यांच्या आईपासून चालत आलेली. हॉस्पिटलच्या आणि हॉटेलांच्या चादरींचं काम. ओली मोठी चादर एकट्याने पिळता येत नाही. दोन टोकांना दोघं लागतात. एकाने उजवीकडे पीळ द्यायचा, दुसऱ्याने डावीकडे. आईचं त्यासाठी एक गाणं होतं. एका टोकाने ओळ म्हणायची, दुसऱ्या टोकाने उत्तर द्यायचं, म्हणजे दोघांचे हात बरोबर फिरतात. आई गेल्यावर एका टोकाला ताई आणि दुसऱ्या टोकाला हा. मध्येच हसू आलं की हा टोक सोडून द्यायचा. चादर मातीत, आणि ताईचा धपाटा पाठीत.

रेकॉर्ड करायचं ठरलं तेव्हा त्याने एक टेपरेकॉर्डर उसना आणला आणि लॉन्ड्रीच्या अंगणात ते गाणं ताईकडून म्हणवून घेतलं. टेपवर काम करणाऱ्या लोकांची एक पद्धत असते. टेप वाजवून झाली की ती परत गुंडाळत नाहीत, संपली तशीच ठेवतात. तशी ती जास्त चांगली राहते. पण मग रिळाच्या बाहेरच्या बाजूला गाण्याचा शेवट येतो. म्हणून डबीच्या कडेवर लिहायचं, 'शेवट बाहेर'. पुढचा माणूस ते वाचतो आणि आधी टेप गुंडाळून घेतो. चौघांत डब्यांवर लिहायचं काम मामाकडे होतं. बाकी सगळ्या डब्यांवर त्याने लिहिलं. या एकीवर विसरला.

रेकॉर्डीच्या कारखान्यातल्या माणसाने टेप हाती आली तशी लावली. आवाज उलटा येतोय हे त्याला कळलं असणारच. पण याच पोरांनी बासरी उलटी वाजवली होती, घंटा पाण्यात बुडवून वाजवली होती. त्यांच्याकडे बाई तेवढी सुलट कशाला असेल? त्याने हात टेकले आणि रेकॉर्ड छापून टाकली.

रेकॉर्ड घरी आली त्या दिवशी ताईने काम बंद ठेवलं. शेजारून रेकॉर्डप्लेअर आणला, लॉन्ड्रीतल्या सगळ्या बायकांना बसवलं, आणि सुई शेवटच्या गाण्यावर ठेवली. बायका आधी एकमेकींकडे बघू लागल्या. मग एक हसली, आणि मग सगळ्याच हसल्या. संध्याकाळी तिने भावाला विचारलं, "हे मुद्दाम केलंस?"

त्याच आठवड्यात एका वर्तमानपत्रात छापून आलं होतं की उलटा आवाज ही या तरुणांची विलक्षण कल्पना आहे. चार वाक्यं. मामाबद्दल उभ्या जन्मात छापून आलं ते तेवढंच. तो म्हणाला, "हो. कला आहे ती. तुला नाही कळायची."

त्यानंतर ताई त्याच्याशी कामापुरतं बोलली. लग्नांत, आजारपणांत दोघं हजर असायची, पंगतीत शेजारीही बसायची, मीठ वाढ, पाणी दे, इतपत. पण ताई पुन्हा गायली नाही. तिच्या मुलीने आईला कधी गुणगुणतानासुद्धा ऐकलं नव्हतं. आणि मामाने ती चार वाक्यं चव्वेचाळीस वर्षं पाकिटात जपून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी मामा इस्त्रीचा शर्ट घालून ध्वनिसंग्रहात गेला. भाचीची खोली लहानशी, बिनखिडकीची, भिंतींना जाड कापड लावलेलं. जुन्या टेपांचा आंबूस वास सगळीकडे भरलेला. भाचीने सुती हातमोजे चढवले, डबी उघडली, रीळ बाहेर काढलं आणि ती थबकली.

"मामा, बाहेरच्या टोकाला लाल पट्टी आहे."

"असेल."

"असेल काय? सुरुवातीला हिरवी लावतात, शेवटाला लाल. म्हणजे इथे शेवट बाहेर आहे." तिने क्षणभर विचार केला आणि तिचा चेहरा उजळला. "कळलं! उलटंच वाजवायचं होतं म्हणून तुम्ही ते तसंच पाठवलंत. एकही जोड नाही, कापाकापी नाही. काय डोकं लावलंयस मामा!"

पोरीने खोटं आयतं हातात आणून दिलं होतं. नुसती मान हलवायची, की पान लिहून झालं. पाकिटातल्या चार वाक्यांची चाळीस झाली असती. दुकानात नवी पोरं आली असती, फोटो काढून घेतले असते. आणि ताई चौऱ्याहत्तर वर्षांची होती. भाऊ खोटं बोलला हे तिला कधी कळलं नसतं, आणि ती कधी गायली नसती.

"डोकं कसलं," मामा म्हणाला. "विसरलो मी."

"काय विसरलास?"

"डबीवर लिहायला. ती टेप आधी गुंडाळून घे आणि मग लाव. सुलट."

टेप सरसर फिरली, हिरवी पट्टी बाहेर आली. भाचीने बटण दाबलं. आधी अंगण ऐकू आलं. बादलीची कडी पडल्याचा आवाज, थेंब ठिबकल्याचा. मग एक भरदार, मोकळा आवाज:

*पल्याड कोण उभं, चादर कोण धरी?*

त्यानंतर काहीच नाही. दोन श्वासांएवढी जागा, आणि तिच्यात नुसते थेंब. मग पुढची ओळ:

*पाणी कुठं गेलं, सांग मला गडे?*

पुन्हा तेवढीच जागा. भाचीचा हात बटणापाशी तसाच राहिला होता.

"मामा, हा आवाज..."

"हो."

"आई गाते?"

"गायची."

भाची सगळं गाणं संपेपर्यंत हलली नाही. मग तिने यंत्र बंद केलं, हातमोजे काढले, आणि मामाला वाटलं होतं ती रडेल, पण ती भडकली.

"आणि तू कव्हरवर 'अज्ञात' लिहिलंस?"

"तेव्हा तशी पद्धत होती. गाणं लोकांचं, गाणारी कोणीतरी, कुठलीतरी. भारी वाटायचं ते."

"कुठलीतरी? एका घरात राहायचात तुम्ही! तिच्या हातचं जेवायचास!"

मामाने शर्टाची बाही उगाचच सारखी केली.

"ऊठ," भाची म्हणाली.

"कुठे जायचंय?"

"तुला माहितीये कुठे."

लॉन्ड्रीत यंत्रं घरघरत होती. ताई लांब टेबलापाशी उशांचे अभ्रे घडी करत होती. अभ्रे यंत्रात पिळून निघायचे, पण मोठ्या चादरींच्या कडा यंत्र फाडतं म्हणून त्या ती अजून हातानेच पिळायची. मुलगी आणि भाऊ दोघं एकदम दारात पाहून ती म्हणाली, "कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं," मामा म्हणाला, आणि त्याने मधूनच सुरुवात केली. "ताई, मी दोन शब्द लिहायला विसरलो होतो."

रस्ताभर जुळवलेलं सगळं त्याच्या डोक्यातून निघून गेलं होतं. सुचेल तसं, पुढचं मागे करत त्याने सांगितलं. ताईचे हात थांबले नाहीत. त्याचं बोलणं संपलं तेव्हा अभ्र्यांचा गठ्ठा तिच्या हनुवटीपर्यंत आला होता.

"म्हणजे मुद्दाम नव्हतं?"

"नाही."

"मग मी विचारलं तेव्हा?"

"खोटं बोललो. पेपरात छापून आलं होतं ना. सोडवेना."

"मला वाटलं, तुला माझ्या आवाजाची लाज वाटली," ताई म्हणाली. "तुझ्या त्या शिकल्यासवरल्या मित्रांसमोर. म्हणून आवाज उलटा करून टाकलास आणि नावही काढलंस."

मामाला इथे गप्प राहता आलं असतं. "नाव मी काढलं," तो म्हणाला. "ते विसरून नाही. ते मुद्दाम."

"मूर्ख आहेस."

"हो."

"चव्वेचाळीस वर्षं!"

"हो."

"हो हो काय करतोस? मी त्या बायकांसमोर तोंड कसं दाखवलं ते मलाच माहीत." तिने अभ्रे टेबलावर आदळले. तिचे डोळे भरून आले होते आणि त्याचाच तिला जास्त राग आला होता. "लाव गं ते. काय आहे ते ऐकू दे एकदा."

भाचीने निघताना गाणं उतरवून घेतलेला फोन टेबलावर ठेवला आणि यंत्रं बंद केली. तीस वर्षांची ताई गाऊ लागली. चौऱ्याहत्तर वर्षांची ताई उभ्यानेच ऐकत राहिली. पहिली ओळ संपली, थेंब वाजले, आणि ती बोट वर करून भावाला म्हणाली, "ही जागा तुझी होती."

"मला तेव्हा ती शांतता आवडली होती," मामा म्हणाला. "म्हटलं, राहू दे तशीच. ऐकणाऱ्याला गूढ वाटेल."

"शांतता कसली डोंबलाची! वाट बघत होते मी तुझी. म्हटलं, नंतर भरेल."

मामाने पाकीट काढलं, नाक पुसायला रुमाल समजून. मग चूक लक्षात येऊन ते परत ठेवलं. भाची हसली आणि रडली, दोन्ही एकदमच. ताईने मात्र पदर खोचला, टबातून एक मोठी चादर वर ओढली आणि तिचं टोक भावाच्या अंगावर फेकलं.

"धर."

इस्त्रीच्या शर्टाचा बोऱ्या वाजला. ताई दोन पावलं मागे सरली, चादर ताणली गेली, आणि तिने तोंड उघडलं. आवाज चिरका निघाला, खाली घसरला, पण तोच होता.

"पल्याड कोण उभं, चादर कोण धरी?"

मामाने ओलं टोक आधी हातांभोवती नीट गुंडाळून घेतलं. ताईने वाट पाहिली. भाचीने फोन गुपचूप रेकॉर्डिंगवर टाकला.

"पल्याड मी उभा," मामा म्हणाला, "पिळून घे गं सारी."

"बेसूर आहेस. पाणी कुठं गेलं, सांग मला गडे?"

"पाणी गेलं पुढे, ऊन आलं इकडे."

पाणी खरोखरच पुढे गेलं, थेट मामाच्या बुटांत.

कंपनीचं पान मामाने तिथेच, टेबलाच्या कोपऱ्यावर बसून, लॉन्ड्रीच्या पावतीमागे लिहिलं. भाचीने नंतर ते एकही शब्द न बदलता पाठवलं:

'आवाज उलटा वाजवणं ही कोणाचीच कल्पना नव्हती. मी डबीवर दोन शब्द लिहायला विसरलो. उलटं गाणं हवं तर ठेवा. ताई म्हणते, पोरांना आवडतंय तर आवडू दे. पण त्यानंतर सुलट गाणंही घाला. त्यातल्या रिकाम्या जागा आता भरून पाठवत आहोत. गायिका अज्ञात नाही. ती माझी मोठी बहीण आहे. तिचं नाव खाली लिहिलं आहे, ते माझ्या नावाच्या वर आणि मोठ्या अक्षरांत छापावं.'

"झालं का लेखकराव?" ताईने हाक मारली. "अजून सहा चादरी आहेत."

मामा उठला, ओले बूट वाजवत गेला आणि त्याने टोक धरलं. ताईने पुन्हा गाणं सुरू केलं, दुसऱ्याच ओळीला तिची कवळी सरकली, आणि दोघांनाही हसू फुटलं. मामा इतका हसला की त्याला उभं राहवेना. पण चादर मातीत पडली नाही. टोक त्याने दोन्ही मुठींत घट्ट धरून ठेवलं होतं.