पांढऱ्या जहाजाची शिडी

एवारिस्तो वँडरहोर्स्ट सकाळी धक्क्यावर आला की आधी पांढऱ्या जहाजाच्या दिशेने थुंकायचा आणि मग कॉफी मागायचा. सिमेंट वाहणाऱ्या गंजक्या जहाजाला त्याच्या लेखी मान होता, कारण ते काही काम करायचं. पण ही प्रवासी जहाजं?

"ह्याला जहाज म्हणायचं? हॉटेल आहे हॉटेल, कुणीतरी पाण्यात ढकलून दिलेलं. भोवती अख्खा समुद्र पडलाय आणि हे लोक वर चढून बादलीत डुंबतात!"

बादली म्हणजे गच्चीवरचा पोहण्याचा तलाव. हा विनोद तो आयुष्यभर सांगत आला होता आणि धक्क्यावरचे लोकही आयुष्यभर हसत आले होते, कारण एवारिस्तो समाना नावाच्या बंदराचा सगळ्यात जुना पायलट होता. आखातातले खडक बाहेरच्या कप्तानाला ठाऊक नसतात. म्हणून इथला पायलट होडीतून पुढे जातो, चालत्या जहाजाच्या कुशीला सोडलेल्या दोरशिडीवरून वर चढतो आणि जहाज आत आणून नांगराला लावतो. पर्यटकांची तर त्याला कीवसुद्धा येत नसे. हे लोक उतरले की प्रत्येकाला एकच विचारायचं असायचं, जहाज सुरक्षित आहे ना? "चार दिवस त्याच्यात झोपलात, आता विचारताय?" असं म्हणून तो त्यांच्या छातीवरच्या, बुडू न देणाऱ्या नारिंगी जाकिटांकडे बोट दाखवून दात काढायचा. जाकीट पर्यटकांनी घालायचं असतं. पायलटने ते घातलं तर बायकोने स्वयंपाकघरात हेल्मेट घालण्यासारखं झालं.

आणि त्याची सख्खी पुतणी, सुनिल्दा, ते जाकीट घालायची.

तिच्या सगळ्या परीक्षा झाल्या होत्या. पण समानात माणूस कागदाने पायलट होत नाही. जुना पायलट रेडिओच्या उघड्या चॅनलवर नव्याचं नाव घेतो, कोळी, होडीवाले, वाण्याच्या दुकानात कोपऱ्यात रेडिओ लावून बसलेले म्हातारे, सगळे ते ऐकतात आणि तिथून पुढे तो पायलट. एवारिस्तोने नाव घेतलंच नव्हतं. तो म्हणायचा, पोरगी भित्री आहे. शिडीवर पाय ठेवण्याआधी दोन्ही दोर ओढते, लोंबकळून बघते. कप्तान वर ताटकळत उभा आणि ह्या बाईसाहेब खाली आंबा पाडल्यासारखा झोका घेतायत!

सुनिल्दाने शेवटी सांगून टाकलं होतं. "काका, ह्या हंगामात नाव घेतलं नाहीत तर मी चालले पोर्तो प्लाताला. पर्यटकांच्या बसवर तिकिटं फाडेन."

"फाड की. तिथे जाकीट घालायला कुणी नाही म्हणणार नाही."

त्या दिवशी सकाळपासूनच वारा सुटला होता. 'मार्केसा' नावाचं जहाज आखाताच्या तोंडाशी आलं होतं, पंधरा मजले उंच, साबण लावून धुतल्यासारखं पांढरंफटक. चेपे काका-पुतणीला घेऊन होडी हाकत होता. तो एवारिस्तोच्या वयाचा, बडबड्या माणूस.

"वारा बघितलास का?" चेपे म्हणाला. "ही भिंत आज सरळ चालायची नाही."

"हॉटेल कधी सरळ चालतं?" एवारिस्तो म्हणाला.

सुनिल्दा जहाजाकडेच बघत होती. "वेग आहे तोवर ते सुकाणूचं ऐकेल. आपल्याला चढवायला हळू झालं की ऐकायचं बंद होईल, आणि मग सगळा वाराच मालक. सरकत सरकत कायो लेवांतादोच्या खडकावर जाईल. काका, चढायचंय तर आधी शिडी नीट बघून घ्या. मग वर घाई करा."

"हे मला शिकवणार? मी ह्या आखातात जहाजं आणत होतो तेव्हा तू दुधाच्या दातांनी यानिकेकेची पुरी चावत होतीस."

"मग निदान जाकीट तरी घाला."

"तुझं तुलाच लखलाभ."

आता ह्या माणसाची गंमत बघा. गंजक्या जहाजाची शिडी असली की एवारिस्तोही दोर ओढून बघायचा. जन्मभराची सवय होती ती. पण पांढऱ्या जहाजाची शिडी मात्र त्याने कित्येक वर्षांत तपासली नव्हती. ज्या जहाजाला तो उठता बसता रंग फासलेलं खोटं म्हणायचा, त्याच्याच दोराचा पांढरा रंग बघून तो बिनधास्त पाय टाकायचा. कारण काय, तर शिडी पाण्यालगतच्या दारापर्यंत जेमतेम पाच पायऱ्यांची आणि त्या दारात कडक इस्त्रीचे खलाशी. एवढ्याशा चढणीला काय तपासायचं? इतका तिरस्कार करूनही त्याने त्या जहाजाकडे कधी धड पाहिलं नव्हतं.

होडी जहाजाच्या कुशीला लागली. वरच्या सज्जांतून पर्यटक फोन उगारून वाकले होते. एवारिस्तोने त्यांच्याकडे एक नजर टाकली, तोंड वाकडं केलं आणि उडी घेऊन शिडी धरली. रिवाजाप्रमाणे चेपेने होडी लगेच बाजूला काढली, म्हणजे माणूस पडलाच तर पाण्यात पडावा, होडीच्या कठड्यावर नाही.

डावा दोर तुटला. फोटो चांगले यावेत म्हणून कुठल्याशा तेजाबाने घासून घासून तो आतून पिठासारखा झाला होता. शिडी एका बाजूला कलंडली, एवारिस्तोचा खांदा जहाजाच्या पत्र्यावर आपटला आणि तो खाली गेला.

वर कुणीतरी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं असावं, हाही कार्यक्रमच आहे.

पाण्याने एवारिस्तोला जहाजाच्या अंगाअंगाने मागे ओढत नेलं. मागे जहाजाचे पंखे पाणी कापत फिरत होते, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. एक हात हलत नव्हता. तोंडात खारं पाणी गेलं आणि त्याला पहिल्यांदा खरोखरची भीती वाटली, लहान मुलाला वाटते तशी.

"डावीकडे घे, चेपे! आणखी!" सुनिल्दाचा आवाज आला. मग पाठीवर काहीतरी टोचलं. तिने लांब काठीचा आकडा त्याच्या शर्टात अडकवला होता. दोघांनी मिळून त्याला माशासारखं होडीत ओढलं. तिने दुसरं जाकीट त्याच्या गळ्यात घातलं आणि बंद आवळला.

रेडिओ खरखरला. 'मार्केसा'चा कप्तान होता. "पायलट कुठे आहे? आम्ही खडकाकडे सरकतोय! मी नवी शिडी सोडलीय. लवकर पाठवा!"

जहाज खरंच सरकत होतं. खडकावरचा पांढरा फेस आता होडीतूनही दिसत होता. सुनिल्दाने एवारिस्तोकडे पाहिलं. नाव घ्या म्हणायचं नाही असं तिने ठरवलेलं दिसत होतं.

"माईक दे," एवारिस्तो म्हणाला. तिने तो त्याच्या तोंडाशी धरला. "कप्तान, माझी पुतणी वर येतेय."

"बाई? अहो, इथे हजारो माणसं आहेत! अनुभवी पुरुष पाठवा!"

"पुरुष पाठवला होता," एवारिस्तो म्हणाला. "तो इथे होडीत आडवा पडून खोकतोय. ऐका. वर येतेय ती सुनिल्दा वँडरहोर्स्ट. समानाची पायलट. तुमची शिडी ती आधी तपासेल. तिचं होईपर्यंत तोंड मिटून उभे राहा."

मग कुठल्यातरी कोळ्याने माईकचं बटण दाबून टिक् असा आवाज केला, म्हणजे ऐकलं, मान्य. मग दुसऱ्याने. मग आखातभर टिक् टिक् सुरू झालं. चेपेने चक्क टोपी काढली.

सुनिल्दाने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले आणि चेपेने होडी पुन्हा जहाजाला लावताच पुढे जाऊन शिडी धरली. खडक जवळ येत होता, दारातले खलाशी हातवारे करत होते, तरी तिने घाई केली नाही. आधी उजवा दोर ओढला, मग डावा, मग दोन्ही पाय उचलून सगळा भार टाकून लोंबकळली.

वरच्या सज्जांतून हशा पिकला. कुणीतरी तिची नक्कल करत कठड्याला लोंबकळलं. जाड आवाजाचा एक माणूस ओरडून काही बोलला आणि बाकीचे आणखी हसले.

ते हसणं एवारिस्तोने ओळखलं. धक्क्यावर कॉफीचा पेला हातात धरून तो ह्याच पोरीला, ह्याच गोष्टीसाठी, अगदी असाच हसत आला होता. त्याला स्वतःची इतकी किळस आली की खांद्याची कळ तो विसरला.

"हसताय काय रे, बादलीतल्या बेडकांनो!" तो होडीतून ओरडला. त्याचा आवाज वरपर्यंत पोचलाच नाही.

सुनिल्दा वर चढून दारातून आत गेली. थोड्या वेळाने जहाजाची शेपूट बाहेर झुकली, नाक हळूच वळलं आणि फेस मागे पडायला लागला.

"आता तरी काढ ते जाकीट," चेपे म्हणाला. "धक्क्यावर सगळे बघतील तुला."

"बघू देत," एवारिस्तो म्हणाला आणि चांगल्या हाताने बंद चाचपून पाहिला.