हिंगणीची बिनगाण्याची रेकॉर्ड

मी भोंगा बोलतोय. लग्नात लिंबावर बांधतात ना, तो. हळू बोलायची मला सवय नाही, आधीच सांगून ठेवतो.

माझा मालक प्रेमदास, वर्ध्याचा. चौऱ्याहत्तर साली आम्ही हिंगणीला चंद्रभानच्या पोरीच्या, नलूच्या लग्नाला गेलो. नलूनं नवरा स्वतः पसंत केला, म्हणून बापानं महिनाभर अबोला धरलेला. कन्यादानसुद्धा त्या पठ्ठ्यानं मुकाट्यानं उरकलं!

बिदाईची वेळ झाली. नलू बैलगाडीपाशी अडून बसली. "बाबा 'येजो' म्हनत नाई तोवर मी जात नाई." येजो, म्हणजे परत ये. चंद्रभान गोठ्याकडे तोंड करून बसला.

बिदाईला रडवणारं गाणं लावायचं, हा आमच्याकडचा रिवाज. पण ती रेकॉर्ड उन्हानं वाकली होती. प्रेमदासला वाचता येत नव्हतं. लाल कागद चिकटवलेली म्हणजे रडायची, एवढंच त्याला ठाऊक. कुण्या साहेबाच्या जुन्या सामानातून आलेली दुसरी एक लाल कागदाची रेकॉर्ड त्यानं लावली, आणि माझ्या तोंडून पियानो वाजू लागला.

सगळे गाणं सुरू व्हायची वाट पाहत उभे. "बाई कवा गाईन?" पुऱ्या तळणाऱ्या शकुबाईनं विचारलं.

"हा पियानो आहे. यात गानं नसते," पाहुण्यांतले प्रभाकरराव मास्तर म्हणाले. कुणी ऐकेल तर शपथ!

वाट पाहता पाहता शकुबाईच झारा धरून रडू लागली. मग बाजेवाला. मग नवरदेव.

"काऊन रडून राह्यले?"

"मले काय मालूम!"

अहो, माझा पत्रा थरथरत होता. जन्मभर मी नुसता ओरडलो. इतकं हळू बोललं तरी माणसं ऐकतात, हे त्या दिवशी कळलं आणि मला फार लाज वाटली.

चंद्रभान उठला. नलूच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "येजो माय." अन् लगेच सगळ्यांवर खेकसला, "मी नाई रडलो! डोयात अक्षता गेल्या."

पुढे त्या रेकॉर्डशिवाय गावात बिदाई होईना. "बाई अजून गायलीच नाई," म्हणत बाया मनसोक्त रडायच्या. एकदा सुई अडकली, तर मंडळी पाऊण तास रडायची थांबेचनात.

आता अठ्ठ्याऐंशी साल. प्रेमदासनं नवे स्पीकर घेतले, माझं मागचं यंत्र काढून ठेवलं. मला चंद्रभान घेऊन गेला, कारण त्याला ऐकू येईनासं झालंय. नलू माहेरी आली की माझं बारीक टोक तो कानाला लावतो आणि ती माझ्या तोंडात बोलते. गावात याचं कुणाला नवल नाही. भंगारवाला आला तर मला देऊ नका, एवढंच मागणं आहे.

काल नलू आली होती. बोलता बोलता तिनं ती पियानोची चाल गुणगुणली. म्हातारा कितीतरी वेळ कान काढेना. मग धोतरानं डोळे पुसत म्हणाला, "अक्षता गेल्या."