उत्साहात पार पडला

"एवढ्या खुर्च्या कशाला मांडतेस?" बाइंडर म्हणाले. "थोड्या उचल त्यातल्या. रिकाम्या खुर्च्या दिसल्या की आलेला माणूसही दारातूनच परत जातो."

"भरतील," सूचनाबाई म्हणाल्या आणि त्यांनी आणखी एक रांग लावली.

ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावरच्या त्या हॉलमध्ये शनिवारी दुपारी ऊन थेट टेबलावर येतं. टेबलावर बाइंडरांनी आपला सगळा संसार मांडला होता. दाभण, मेण लावलेला दोरा, पुठ्ठे, कापडाच्या पट्ट्या आणि घरून डब्यात आणलेली खळ. दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. उजव्या हाताला कंप होता म्हणून तो डाव्या हाताखाली दाबून धरला होता, चुळबुळ करणाऱ्या पोराला धरून बसवावं तसा.

सूचनाबाई त्यांच्या पत्नी. ग्रंथालयाच्या दारातल्या फळ्यावर कार्यक्रमांच्या सूचना लिहिणं हे त्यांचं काम. मुलांसाठी गोष्टी, डोळ्यांची तपासणी, वाचकांचं मंडळ, असं काहीबाही त्यावर सतत असे. खरं नाव केवळ पगारपत्रकापुरतं उरलं होतं. बाइंडरांचंही तसंच. एके काळी इथली निम्मी पुस्तकं त्यांच्या हाताखालून गेली होती. मग एक दिवस वरून कळलं की फाटलेलं पुस्तक शिवत बसण्यापेक्षा रद्दीत देऊन नवं घेणं सोयीचं आहे, आणि बांधणीची खोली बंद झाली. हाताला कंप सुटला तो त्यानंतर.

कंपाचं एवढं काही नव्हतं. माणूस बसून राहिला, ते वाईट झालं. आंघोळ सांगावी लागे, जेवण पुढे करावं लागे. एकदा ताटावर बसल्या बसल्या ते म्हणाले, "मी उठून कुठे गेलो ना, तर तुला बऱ्याच वेळाने कळेल." हे ते थट्टेत म्हणाले नव्हते आणि रागातही नव्हते. सूचनाबाईंना भीती वाटली ती त्याची.

म्हणून त्यांनी ग्रंथपालांपुढे पदर पसरला. फाटलेली पुस्तकं घरच्या घरी शिवायला शिका, असा एक वर्ग. शिकवणार बाइंडर. ग्रंथपाल तरुण होते, वाईट नव्हते. "एक शनिवार देतो, बाई," ते म्हणाले. "लोक आले तर दर महिन्याला ठेवू. नाही आले तर मात्र पुन्हा विचारू नका. हॉल मागणारे खूप आहेत."

बाइंडर आधी नाहीच म्हणाले. मग एका सकाळी माळ्यावरून हत्यारांची पेटी काढताना दिसले. नंतर खळीत गुठळ्या झाल्या म्हणून ते बायकोवर चक्क खेकसले, आणि सूचनाबाईंना स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसावे लागले, इतकं बरं वाटलं. कार्यक्रमाआधी त्यांनी रजा टाकली आणि घरी नवऱ्यासमोर विद्यार्थ्यासारख्या बसून त्या पानं शिवायला शिकल्या. बाइंडरांचा हात थरथरला तरी दाभण जिथे जायचं तिथेच जात होतं.

रजेवर जाण्याआधी त्यांनी महिन्याच्या बातमीपत्राचा मजकूर छापखान्यात दिला होता. या बातमीपत्राची एक रीत होती. छापखानेवाला अंक कधीच वेळेवर देत नसे. झालेल्या कार्यक्रमाची बातमी लोकांच्या हाती पडेपर्यंत ती पार शिळी झालेली असे. म्हणून ग्रंथपालांनी तोडगा काढला होता, की जे व्हायचं आहे तेही झालं असं धरून लिहायचं. अंक उशिराच येणार, तोवर ते झालेलंच असणार. सूचनाबाईंचा त्यात हात बसला होता. व्याख्यान उद्बोधक झाले, हॉल भरगच्च होता, कार्यक्रम उत्साहात पार पडला. प्रत्यक्षात चार टाळकी असली तरी तक्रार कोणी करत नसे, कारण तक्रार करायला तिथे हजर असावं लागतं.

बाइंडरांच्या वर्गाची बातमीही त्यांनी अशीच लिहिली होती, फक्त जरा जास्त जीव ओतून. बसायला जागा उरली नाही, असं लिहिलं होतं. एका आजीबाईंनी आपलं शिवलेलं पुस्तक छातीशी धरलं, असंही लिहिलं होतं. त्या आजीबाई त्यांनी मनानेच आणल्या होत्या, पण कोणीतरी तशी येईल याची त्यांना खात्री होती.

वेळ झाली. कोणी आलं नाही.

"लोक उशिराच येतात," सूचनाबाई म्हणाल्या.

"हं."

जिन्यात पावलं वाजली. एक जोडपं दारात आलं. बाइंडर उठून उभे राहिले.

"संगणकाचा वर्ग इथेच ना?" बाईने विचारलं.

"तो खाली आहे," सूचनाबाई म्हणाल्या. "पण आलाच आहात तर बसा ना. पुस्तक शिवायला शिकवणार आहेत. फार सुंदर शिकवतात."

"नको, आमचं नाव तिकडे दिलंय," नवरा म्हणाला आणि दोघं घाईने उतरली. बाइंडर थोडा वेळ उभेच होते. मग बसले. खळीवर साय धरायला लागली होती, ती त्यांनी काडीने बाजूला केली. पुन्हा धरली, पुन्हा केली. शेवटी त्यांनी डब्याला झाकण लावलं. पुढच्या कार्यक्रमाची मंडळी दारात येऊन घड्याळाकडे बघू लागली, तेव्हा त्या दोघांनी मिळून खुर्च्या उचलल्या.

खाली काउंटरवर निवृत्त मास्तर उभे होते. ग्रंथालयाचे सगळ्यात जुने वाचक. बाइंडरांना पाहून त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

"काय बाइंडर, गाजवलात म्हणे कार्यक्रम. सकाळीच वाचलं. बसायला जागा नव्हती म्हणतात."

बाइंडरांनी पेटी काउंटरवर टेकवली.

"माझा मात्र हुकला," मास्तर म्हणाले. "मी आपला आज आहे असं धरून बसलो होतो. शब्दकोश सुतळीने बांधून ठेवला होता न्यायला. शेजारच्या बाईंचीही दोन पुस्तकं होती. त्यांना म्हटलं, राहू द्या आता, होऊन गेला तो."

काउंटरवर बातमीपत्राचे उरलेसुरले अंक पडले होते. सूचनाबाईंनी शिपाईमामांकडे पाहिलं.

"छापखान्यात नवं मशीन आलंय," शिपाईमामा म्हणाले. "तुम्ही रजेवर होतात. मी म्हटलं, गठ्ठे पडून कशाला राहू द्यायचे? घरोघर टाकून आलो. एक घर सोडलं नाही." शाबासकीची वाट बघत ते उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काम वेळेआधी केलं होतं.

अहो मास्तर, झाला नाही तो, आत्ता होता, वर होता, असं सूचनाबाईंच्या अगदी ओठांवर आलं. पण तेवढ्यात बाइंडर बोलले.

"हो," ते मास्तरांना म्हणाले. "बरीच मंडळी होती."

पेटी उचलून ते बाहेर पडले.

रस्त्यात सूचनाबाईंनी सगळं सांगितलं. अंक आधी आला, लोकांना वाटलं कार्यक्रम होऊन गेला, म्हणून कोणी फिरकलं नाही. चूक माझी, तुमचं त्यात काही नाही. त्यांनी अंकही पुढे केला. बाइंडरांनी तो चालता चालता शेवटपर्यंत वाचला.

"छान लिहिलंयस," ते म्हणाले. "आजीबाई तर फारच छान."

"अहो, मी खरं सांगतेय."

"यायचं असतं तर कोणी आधी विचारायला आलं असतं."

"मास्तर म्हणाले ना?"

"मास्तर भले आहेत. चार बरे शब्द बोलायला त्यांचं काय जातंय?" त्यांनी अंकाची नीट घडी घातली आणि परत दिला. "माझी समजूत घालू नकोस. हॉल भरून दाखवायची तुला सवयच आहे."

सूचनाबाईंनी अंक पदराखाली धरला आणि त्या त्यांच्या मागून चालू लागल्या.

सोमवारी त्या ग्रंथपालांकडे गेल्या. ग्रंथपालांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. बातमीपत्र न वाचणाऱ्यांत त्यांचा पहिला नंबर होता, त्यामुळे त्यांना हे आत्ताच कळत होतं.

"पुन्हा कसा ठेवू, बाई? अंक वरच्या ऑफिसला गेलाय. आता तो झालाच नव्हता असं कळवायचं? मग ते आधीच्यांचंही विचारतील."

"एकदाच, साहेब."

"झाला तो," ग्रंथपाल हळू आवाजात म्हणाले. "झाला असंच समजा."

दुपारी मास्तर आले. सुतळीने बांधलेला जाडजूड शब्दकोश त्यांनी पिशवीतून ओढून काढला, तेव्हा शिवण सुटलेल्या पानांतलं एक पान पिशवीच्या बंदात अडकून टर्रकन फाटलं. मास्तर हळहळले. "वर्ग हुकला, पण बाइंडर घरी करून देतील का? विचारा बरं त्यांना." सूचनाबाईंना वाटलं, देव पावला. आता तरी त्यांना पटेल. संध्याकाळी पिशवी पोटाशी धरून त्या घरी आल्या ते जवळजवळ पळतच.

बाइंडर खुर्चीत होते. दाढी वाढायला लागली होती. त्यांनी शब्दकोश मांडीवर घेतला, सुतळी सोडली, कण्यावरून बोट फिरवलं. हात थरथरत होता, पण पानं ओळखीची असल्यासारखा चालत होता. मग ते फाटलेलं पान आलं आणि तो थांबला. बाइंडरांनी पान दिव्याकडे धरलं.

"जुनी फाट अशी नसते," ते म्हणाले. "जुन्या फाटीची कड पिवळी पडते. ही आजची आहे."

"हो, आजच फाटलं. मास्तर पिशवीतून काढत होते, मी समोरच होते..."

"फाडताना तुला काही वाटलं नाही?"

त्यांनी हे अगदी मायेने विचारलं. मास्तरांचं नाव पहिल्या पानावर आहे, ते बघा तरी, असं सूचनाबाई म्हणाल्या. बाइंडरांनी ते पाहिलंही. मास्तरांकडून आणलास तर, म्हणाले. त्यांनाही यात ओढलंस. त्यांनी पानं सारखी केली, पुन्हा सुतळी बांधली. गाठ तिसऱ्या खेपेला बसली. शब्दकोश त्यांनी बायकोच्या हातात दिला.

"माझ्यासाठी पुस्तकं फाडू नकोस गं," ते म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

पेटी दुसऱ्या दिवशी माळ्यावर गेली. सूचनाबाईंनी ती अडवली नाही. अडवायला आता त्यांच्याजवळ शब्दच नव्हते. जे होते ते सगळे त्यांनी आजवर बातमीपत्रात वापरून टाकले होते.

मास्तर काउंटरवर आले ते हसतच. "झालं का आमचं काम?"

सूचनाबाईंनी शब्दकोश त्यांच्यापुढे सरकवला. "नाही हो, मास्तर. त्या कार्यक्रमानंतर त्यांच्याकडे फार पुस्तकं आलीत. एवढ्यात हातात घ्यायला जमणार नाही म्हणाले."

मास्तरांचा चेहरा खुलला. "येणारच. तसा हात आता राहिलाय कुणाला? मी थांबेन. मला काही घाई नाही, सांगा त्यांना."

"सांगते," सूचनाबाई म्हणाल्या.

मास्तरांनी शब्दकोश काखेत धरला आणि ते दाराकडे निघाले. सुतळीतून एक पान निसटून खाली पडलं. त्यांच्या ते लक्षात आलं नाही. ते उचलून द्यायला सूचनाबाई काउंटरमागून उठल्या.